मदत हवी आहे: ‘आपली वीज कुठून येते’ हे फोटोंतून दाखवायचंय (पुणे)

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. यंदा बारा मुलांना घेऊन ‘आपल्या घरातली वीज कुठून येते’ या विषयावर फोटो काढतेय. ५ जूनला, पर्यावरण दिनी, शाळेत प्रदर्शन लावायचंय. माझा एक जुना डीएसएलआर आहे, बाकी सगळे घरच्यांचे मोबाइल.

दिवाळीनंतर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या टिपून आलो. त्यातले चार फोटो सोसायटीच्या फलकावर लावून बघितले. लोक थांबले, ‘मस्त’ म्हणाले, दोघांनी तिथे राहायची सोय विचारली. विजेबद्दल कुणीच काही विचारलं नाही. मावळतीचं आभाळ आणि त्यात पाती. आम्हाला जे सांगायचं होतं ते त्या फोटोंत नव्हतंच. शिवाय त्या दिवशी निम्म्याहून जास्त पवनचक्क्या थांबलेल्याच होत्या.

मुळशीचं तर याहून अवघड. आपल्याला मुळशी म्हणजे पावसाळी सहल, धुकं, कांदाभजी. पण ते धरण बांधलं विजेसाठी. मुळेचं जे पाणी एरवी पूर्वेला पुण्याकडे आलं असतं, ते बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला सोडतात. तिथलं वीजघर १९२७ पासूनचं. वीज हवी होती मुंबईला, जमिनी गेल्या मुळशीच्या शेतकऱ्यांच्या, म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. माझी निम्मी मुलं रोज सेनापती बापट रस्त्यावरून शाळेत येतात. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यामुळे, हे एकालाही ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आता पाण्याखाली गेलेलं शेत फोटोत आणायचं कसं? वरून पाणी तर सुंदरच दिसतं.

कोळशाची तिसरी अडचण. राज्याची सगळ्यात जास्त वीज कोळशाची, पण २९२० मेगावॅटचं चंद्रपूर इथून किती लांब! एका मुलाने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांच्या इस्त्रीतले निखारे टिपून आणले. फोटो अप्रतिम आहे. पण तो लोणारी कोळसा, लाकडाचा. वीजघरात जळतो तो दगडी. हा फोटो ठेवावा का?

आणि एक तांत्रिक शंका: गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर नुसतं आभाळ चमकतं, पॅनेल दिसतच नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

ताई, विषय फार आवडला.

सोलरसाठी सीपीएल फिल्टर (लेन्सवर लावायची, चमक कापणारी फिरती काच) घ्या आणि फिरवत फिरवत बघा, चमक बरीच उतरते. मोबाइलने टिपत असाल तर उभं राहायची जागा बदलून बघा.

थांबलेल्या पवनचक्क्या काढून टाकू नका. सह्याद्रीत खरा वारा पावसाळ्यात, हिवाळ्यात त्या बऱ्याचदा उभ्याच असतात. वारा वाढला की त्याच जागेवरून पुन्हा टिपा. ट्रायपॉड लावून शटर १/८ सेकंदाच्या आसपास ठेवा, म्हणजे पाती पुसट होऊन फिरताना दिसतील. उजेड जास्त असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लागेल. दोन्ही फोटो शेजारी लावले की वाऱ्याची वीज ऋतूवर चालते हे सांगावं लागणार नाही.

इस्त्रीचा फोटो जरूर ठेवा, फक्त खाली लोणारी आणि दगडी कोळशातला फरक लिहा. मुलांनाच लिहू द्या.

मुळशीत पाण्याचा फोटो काढूच नका. काठावरची म्हातारी माणसं शोधा. कुणाकडे जमिनीचा जुना कागद असेल तर तो धरलेले हात टिपा. आधी त्यांची परवानगी घ्या, मुलांना बोलू द्या, कॅमेरा नंतर. धरणाच्या भिंतीजवळ मात्र लेखी परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. ड्रोनचा विचार असेल तर पुण्यात लोहगाव आणि खडकवासल्याची एनडीए, दोन्हीकडे लष्करी हद्द आहे; आधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा.

धागाकर्ती

मनापासून आभार! हात टिपायचं डोक्यातच आलं नव्हतं. वर्गात विचारलं तर एका मुलीची पणजी मुळशी खोऱ्यातलीच निघाली. सासऱ्यांचं भाताचं खाचर पाण्याखाली गेलं, ते कुठे होतं हे ती काठावर उभी राहून अजून बोटाने दाखवते म्हणे. येत्या रविवारी चौघं जातोय. प्रचि (प्रकाशचित्रं) इथेच टाकीन.

पणजीला ऐकू कमी येतं आणि मुलं बुजरी आहेत. पहिला प्रश्न काय विचारावा, कुणी सुचवाल का?