गुझमानिया मोनोस्टॅकिया : सी-३ की कॅम? आणि एकाच पानाचे तुकडे वेगवेगळे का तपासतात?

कुतूहल (प्रश्न)

अननसाच्या कुलातील, म्हणजे ब्रोमेलिएसी कुलातील, गुझमानिया मोनोस्टॅकिया या अपिवनस्पतीवरील संशोधन सध्या वाचत आहे. ही वनस्पती फ्लोरिडापासून कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिकेमार्गे पेरू व ब्राझीलपर्यंत आढळते. ती झाडांच्या फांद्यांवर वाढते, पण त्यांच्यातून अन्न घेत नाही, आणि पानांचे तळ एकमेकांत घट्ट बसून जी टाकी तयार होते तिच्यात पावसाचे पाणी साठवते. इथपर्यंत समजले.

अडचण पुढे येते. कार्बनच्या समस्थानिकांवरून केलेल्या वर्गीकरणाचा निकष लावला तर ही जाती साध्या सी-३ प्रकाशसंश्लेषणाच्या, म्हणजे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेऊन तो लगेच वापरण्याच्या, गटात जाते, तर शरीरक्रियाविज्ञानाच्या लेखांत तिला 'सी-३-कॅम' म्हटलेले असते, म्हणजे एरवी सी-३, पण पाणी कमी पडले की कॅम पद्धतीने रात्री कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवून दिवसा वापरणारी. यांपैकी खरे काय मानावे? दुसरा प्रश्न असा की, बऱ्याच प्रयोगांत पानाचा तळ, मध्य आणि टोक यांची मोजमापे स्वतंत्र दिलेली असतात. पान हा एकच अवयव असताना हा खटाटोप कशासाठी? आणि या सगळ्यात मुळांचा उल्लेख जवळजवळ नसतोच, हेही खटकते.

हरितवेध

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. दोन्ही विधाने बरोबर आहेत, कारण ती दोन निरनिराळ्या गोष्टी मोजून केलेली आहेत.

हवेतील कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-१२ बरोबर थोडा कार्बन-१३ असतो. सी-३ मार्गातील रुबिस्को हे विकर कार्बन-१३ला बरेच टाळते, तर कॅम मार्गात रात्री काम करणारे पेप कार्बोक्सिलेज त्याला फारसे टाळत नाही. म्हणून पानाच्या वाळलेल्या तुकड्यातील या दोन समस्थानिकांचे प्रमाण पाहिले की त्या पानात आयुष्यभर साठलेला कार्बन मुख्यतः कोणत्या मार्गाने आत आला ते कळते. संग्रहालयातील जुन्या नमुन्याचा चिमूटभर तुकडाही यासाठी पुरतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा. त्याच्याच बळावर डॅरेन क्रेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या कुलातील १,८९३ जातींचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यांपैकी सुमारे ४३ टक्के जाती कॅम गटात टाकल्या. दोन गटांमधील सीमारेषा साधारणपणे उणे २० प्रति हजार (म्हणजे ठरावीक मानकाच्या तुलनेत कार्बन-१३चे प्रमाण हजारात २० भागांनी कमी) या मूल्याच्या आसपास धरली जाते.

ही पद्धत केवळ जमाखर्चाची अखेरची शिल्लक दाखवते. एखादी वनस्पती वर्षातला बराच काळ दिवसा कार्बन घेत असेल आणि कोरड्या दिवसांत थोडेसे कॅम वापरत असेल, तर तो थोडा वाटा एकूण बेरजेत दिसेनासा होतो. गुझमानिया मोनोस्टॅकियाच्या बाबतीत तर त्याहून अवघड प्रकार आहे. पाणी तुटले की तिची पर्णरंध्रे दिवसरात्र जवळजवळ बंद राहतात आणि रात्री श्वसनातून पानातच निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर न जाता पुन्हा बांधला जातो. त्याचे मॅलिक आम्ल होऊन ते पेशींच्या रिक्तिकांत साठते, आणि दिवसा ते मोडून सुटलेला वायू रुबिस्कोकडे जातो. इंग्रजीत याला 'कॅम आयडलिंग' म्हणतात. बाहेरून नवा कार्बन येतच नाही, तर समस्थानिकांचे प्रमाण कशाने बदलणार?

याउलट शरीरक्रियाविज्ञानाचा अभ्यासक सूर्यास्ताच्या वेळी आणि पहाटे पानाचे नमुने घेतो, ते ताबडतोब द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतो, आणि नंतर त्यांच्या अर्काचे अनुमापन करून (त्यातील आम्ल उदासीन करायला किती अल्कली लागते ते मोजून) रात्रीत आम्ल किती वाढले ते काढतो. या मोजणीत कॅम आयडलिंग स्पष्ट दिसते. तेव्हा कोणताही लेख वाचताना आधी पद्धती पाहावी. केवळ समस्थानिकांवरून 'ही जाती कॅम करत नाही' असा निष्कर्ष काढलेला असेल, तर तो निष्कर्ष पुराव्याच्या पलीकडे गेलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पानथळ

हरितवेध यांनी अनुमापनाचे सांगितले. पानाचा कोणता भाग अनुमापनासाठी घेतला हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न आहे, आणि आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर तिथेच मिळते.

टाकी असलेल्या ब्रोमेलियाडचे पान एका टोकाला पाण्यात बुडालेले आणि दुसऱ्या टोकाला उन्हात उघडे असते. तळाकडील फिकट भागात हरितद्रव्य कमी, पाणी साठवणारे ऊतक भरपूर आणि पृष्ठभागावर शोषक केसांची दाटी असते, तर टोकाकडे हरितद्रव्य आणि पर्णरंध्रे जास्त असतात. साओ पाउलो विद्यापीठातील फ्रेस्की, मर्सिए आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुझमानिया मोनोस्टॅकियाच्या पानाचे तळ, मध्य आणि टोक असे भाग करून पाणी तोडल्यावर काय होते ते पाहिले. टाकी रिकामी झाल्यावर तळातील जलसंचयी ऊतकाने आपले पाणी देऊन टोकाकडील हिरव्या ऊतकातील पाण्याची पातळी टिकवली, आणि कॅमची वाढ झाली ती मुख्यतः टोकाकडच्या भागात. वर उल्लेख आलेला आयडलिंगचा निष्कर्षही याच अभ्यासातला आहे. संपूर्ण पान एकत्र कुटून आम्ल मोजले असते, तर तळाच्या वजनामुळे टोकातील वाढ पातळ होऊन दिसली असती.

नायट्रोजनच्या बाबतीत असाच श्रमविभाग व्रिसिया गिगान्टिया या दुसऱ्या टाकीधारी जातीत दिसतो. ताकाहाशी आणि मर्सिए यांनी २०११ मध्ये दाखवले की टाकीत नायट्रेट व अमोनियम किंवा युरिया दिल्यावर नायट्रेट रिडक्टेज आणि युरिएज ही (अनुक्रमे नायट्रेट व युरिया यांपासून अमोनियम बनण्याच्या वाटेवरची) विकरे तळाच्या भागात अधिक क्रियाशील असतात, तर अमोनियमचे पुढे अमिनो आम्लांत रूपांतर करणारी विकरे टोकाकडे अधिक क्रियाशील असतात. अमोनियम तळाकडून टोकाकडे वाहून नेले जात असावे, हा त्यांनी काढलेला तर्क आहे. हा तर्कच आहे, प्रत्यक्ष मोजलेला प्रवाह नव्हे, हे लेखाचा हवाला देताना अनेकदा विसरले जाते.

मुळांविषयी : या प्रकारच्या वनस्पतींत मुळांचे मुख्य काम फांदीला धरून ठेवण्याचे असते, आणि पाणी व क्षार बहुतांशी पानांवरच्या केसांतून आत येतात. शिंपर यांनी १८८०च्या दशकात अमेरिकी उष्णकटिबंधातील अपिवनस्पतींचा अभ्यास करताना या शोषणाकडे लक्ष वेधले आणि मेत्स यांनी १९०४ मध्ये केसांची यंत्रणा तपशिलाने मांडली. प्रत्येक केसाची वरची ढाल मृत पेशींची आणि खालचा देठ जिवंत पेशींचा असतो. ढाल भिजली की तिच्या पेशी पाण्याने भरून पसरतात आणि देठातून पाणी पानात उतरते. ती वाळली की आकसून देठावर झाकणासारखी बसते आणि पाण्याला उलटा मार्ग जवळजवळ राहत नाही.

रानवाटा

वरील दोन्ही उत्तरे प्रयोगशाळेच्या बाजूने झुकलेली आहेत, म्हणून रानातली बाजू मांडतो. फांदीवरच्या वनस्पतीला कोरड्या ऋतूत पाण्याच्या जोडीने दुसरे संकट असते ते उन्हाचे, विशेषतः ती उघड्या फांदीवर असेल तर. पर्णरंध्रे बंद, कार्बन डायऑक्साइड तोकडा आणि प्रकाश मात्र भरपूर, अशा अवस्थेत शोषलेली ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेलाच इजा करू शकते. मॅक्सवेल, ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी त्रिनिदादमध्ये कोरड्या ऋतूत याच जातीवर केलेले काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९४ च्या पुढील लेखात वायूंची देवघेव, प्रकाशरासायनिक कार्यक्षमता आणि झँथोफिल चक्र ही तिन्ही एकत्र अभ्यासली आहेत. झँथोफिल रंगद्रव्यांच्या या चक्रामुळे जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देता येते. त्यामुळे ज्या लेखात आम्लाचे आकडे आहेत पण नमुना सावलीतला की उन्हातला हे सांगितलेले नाही, त्या लेखाकडे मी जरा साशंकतेनेच पाहतो.

जाता जाता, त्रिनिदाद या विषयात वारंवार का येतो त्याला एक कारण आहे. १९४०च्या दशकात तिथे कॉलिन पिटेंड्रिघ ब्रोमेलियाडच्या टाक्यांत वाढणाऱ्या ॲनोफिलिस बेलेटर डासाचा आणि त्यातून पसरणाऱ्या मलेरियाचा अभ्यास करत होते. डास कुठे वाढतो हे समजण्यासाठी कोणती ब्रोमेलियाड कोणत्या उंचीवर आणि किती प्रकाशात राहते ते पाहणे भाग पडले, आणि त्यातून पाणी मिळवण्याच्या पद्धतीनुसार या कुलाचे त्यांनी केलेले वर्गीकरण १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हेच गृहस्थ जैविक घड्याळाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध पावले.

कुतूहल

सर्वांचे आभार. एक शंका उरते. पाणी तुटल्याची जाणीव टोकाला होते कशी? मुळे किंवा तळ यांच्याकडून काही संदेश यावा लागतो, की टोक स्वतःच ओळखते?

पानथळ

निदान मुळांची गरज नसावी, असे म्हणण्यास आधार आहे. मिओतो आणि मर्सिए यांनी २०१३ मध्ये याच जातीची झाडापासून तोडलेली पाने घेऊन प्रयोग केले, आणि त्या पानांतही पाण्याच्या ताणामुळे कॅम वाढले. पानाच्या दोन भागांत त्यांनी ॲब्सिसिक आम्ल आणि नायट्रिक ऑक्साइड हे दोन संदेशवाहक तपासले. मात्र तोडलेल्या पानाला तळ अजून जोडलेला असतो, त्यामुळे तळाकडून येणारा संदेश यातून वगळला जात नाही. शिवाय टाकी हळूहळू आटण्याचा टप्पाच त्यात येत नाही. त्यासाठी अखंड वनस्पतीचे पाणी तोडून, एकाच वयाच्या पानांचे टोक आणि तळ रोज पहाटे व सायंकाळी तपासावे लागतील.

हरितवेध

पानाच्या वयाचा मुद्दा योग्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की आम्लाची वाढ ताज्या वजनावर मांडली आहे की कोरड्या, तेही पाहावे. पाणी आटलेल्या पानाचे ताजे वजन घटलेले असते, आणि तेवढ्यानेच आम्लाचा आकडा वाढलेला दिसू शकतो.