मुलांचे वंचितपण तालुक्यागणिक आणि वर्षागणिक कसे तपासावे?

प्रश्न (वाळपई)
मी गोव्यातील सत्तरी तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. उत्पन्नाऐवजी आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतील उणिवा मोजणाऱ्या नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार गोव्यातील गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मधील ३.७६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ०.८४ टक्क्यांवर आले. परंतु २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर होंडा-पिसुर्ले पट्ट्यात ज्यांच्या घरचे ट्रक दारातच उभे राहिले, त्यांची मुले आधी सहलीला, मग शिकवणीला येईनाशी झाली, हे या आकड्यात कोठे दिसते? युरोपात मुलांच्या सामाजिक वंचिततेची जोखीम दरवर्षी मोजतात; तसे येथे तालुकानिहाय करता येईल का?

प्रतिसाद (फोंडा)
बाई, तेथे तीन कसोट्या आहेत: घरचे उत्पन्न देशातील मध्यकाच्या (निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात त्या उत्पन्नाच्या) ६० टक्क्यांहून कमी असणे, १३ गरजांपैकी किमान ७ न भागणे आणि घरातील प्रौढांना वर्षभरात फारच थोडे काम मिळणे. यांपैकी एक लागू झाली तरी मूल जोखमीत धरले जाते. २०२१ पूर्वी दुसरी कसोटी ९ पैकी ४ अशी होती, म्हणून जुने आकडे नव्यांशी थेट ताडता येत नाहीत. आपली अडचण त्याही आधीची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण गोव्याचे उत्तर व दक्षिण असे दोनच भाग करते, त्यामुळे राजधानी पणजीचा तिसवाडी तालुका आणि सत्तरी एकाच सरासरीत विरून जातात.

प्रतिसाद (केपे)
काळाची तुलना करताना याद्याही तपासाव्यात. २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे केवळ ५६६ लोक होते. २०११ मध्ये ते १,४९,२७५ झाले, कारण २००३ मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा यादीत समावेश झाला. मुले तीच, वाडे तेच. धनगर मात्र यादीबाहेर राहिले, त्यामुळे डोंगरावरील त्यांची मुले या रकान्यात आलीच नाहीत, आणि मला हीच उणीव सर्वांत गंभीर वाटते. शिवाय २०११ च्या जनगणनेत धारबांदोडा हा स्वतंत्र तालुका नाही. आपण शाळेचे जुने हजेरीपट घेऊन, वाड्यावार, मुलांची गैरहजेरी कोणत्या वर्षी वाढली ते पाहावे.

प्रश्नकर्ती
हजेरीपट जपून ठेवलेले आहेत. मात्र कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुले वर्षाच्या मध्येच दिसेनाशी होतात; ती गावी परतली की शाळाच सुटली, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद (केपे)
शाळा सोडल्याचा दाखला नेला आहे का, ते पाहावे. ज्यांनी तो नेलेला नाही, त्यांची वेगळी नोंद ठेवावी आणि शक्य असेल तेथे शेजाऱ्यांकडे चौकशी करावी.