मदत हवी आहे: सुळ्याच्या मॉडेलमध्ये स्ट्रेस मर्यादेबाहेर (अर्जंट!)

दंतकथा: एमडीएसचा (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचा) थीसिस, वरच्या सुळ्याचं रिट्रॅक्शन (मागे सरकवणं), एफईएम (कॉम्प्युटरवर दात-हाडाचे बारीक तुकडे करून स्ट्रेस काढायची पद्धत). १०० ग्रॅम लावले की पीडीएलमध्ये (दात आणि हाडामधल्या पातळ थरात) ४० किलोपास्कल स्ट्रेस येतो. श्वार्झ या ऑर्थोडॉन्टिस्टनं दिलेली सुरक्षित दाबाची मर्यादा २० ते २६ ग्रॅम प्रति चौ. सेंमी, म्हणजे जेमतेम २.६ किलोपास्कल. गाइड म्हणाले मेश (तुकड्यांची जाळी) बारीक कर. केला, तर आकडा आणखी वाढला! सोमवारी प्रेझेंटेशन आहे. फोर्स किती कमी करू?

यंत्रवेडा: कुठला स्ट्रेस? पीडीएलची जाडी, मोड्युलस (कडकपणा), पॉयसन रेशो (दाबल्यावर आडवं किती फुगतं), एलिमेंट (मेशचा तुकडा)? ज्योतिषालासुद्धा जन्मवेळ लागते हो.

सई_ठाणे: माझ्या मुलीला तार घट्ट केली की दोन दिवस जेवण जात नाही. हाच का जास्त फोर्स? डॉक्टर बदलू का?

दंतकथा: सगळं नेहमीचंच आहे. जाडी ०.२ मिमी, पॉयसन ०.४९, चार नोडचे (बिंदूंचे) टेट्रा (चौफलक एलिमेंट). व्हॉन मिसेस (आकार बिघडवणारा एकत्रित स्ट्रेस) बघतेय.

यंत्रवेडा: इथेच पाणी मुरतंय. ०.४९ला चार नोडचे टेट्रा लॉक होतात (उगाच कडक वागतात), दहा नोडचे हायब्रिड (दाब वेगळा मोजणारे) घ्या. श्वार्झचा १९३२चा आकडा केशवाहिन्यांच्या दाबावरून आलाय, त्याच्याशी हायड्रोस्टॅटिक स्ट्रेस (सगळीकडून सारखा दाब) ताडून बघा. व्हॉन मिसेसमध्ये दाब दिसतच नाही. आणि हाडाच्या कडेवरच्या एकाच नोडची कमाल धरलीत, तर मेश बारीक कराल तशी ती चढतच जाणार.

जुना_ऑर्थो: एवढं गणित कशाला? दात कलवायला ३५ ते ६०, अख्खा सरकवायला ७० ते १२०, इंट्रूजनला (हाडात आत ढकलायला) १० ते २० ग्रॅम. आजवर एकाही पेशंटचं मूळ झिजलं नाही.

यंत्रवेडा: सगळ्यांचे एक्सरे काढलेत का, सर?

जुना_ऑर्थो: आम्ही माणसं बघतो, रंगीत चित्रं नाही. ताई, फोर्स ब्रॅकेटवर दिलाय ना? मोमेंट (दात फिरवणारा जोर) किती?

दंतकथा: मोमेंट नाही दिला. फक्त फोर्स.

जुना_ऑर्थो: मग दात कलतोय! दाब मुळाच्या गळ्याशी आणि टोकाशीच गोळा होणार. अख्खा सरकवायला मोमेंट आणि फोर्सचा रेशो १०च्या आसपास ठेवा, १०० ग्रॅमला साधारण १००० ग्रॅम-मिमी. सईताई, दोन-तीन दिवस दुखतंच, मऊ भात द्या. आठवडाभर राहिलं तर दाखवा.

यंत्रवेडा: मोमेंटचं पटलं. मोड्युलस मात्र अजून कळला नाही.

दंतकथा: ०.६७ एमपीए. सगळे तोच घेतात.

यंत्रवेडा: सगळे? छापलेल्या पेपरांत ०.०१ पासून १७५० एमपीएपर्यंत आकडे आहेत. निदान दोन-तीन मोड्युलस घेऊन रन करा. स्ट्रेस फारसा हलणार नाही, पण दात किती सरकतो ते पार बदलेल, आणि परीक्षक तेच विचारतील.

सई_ठाणे: भात खात नाही ती. मॅगी चालेल का?