हिवाळ्यातली झड
‘जानेवारीतला पाऊस म्हणजे नुसता चिखल आणि सर्दी’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. यवतमाळकडच्या खेड्यात राहून कॉलेज करताना आम्ही या झडीची वाट पाहायचो. रस्ता काळ्या मातीचा, एसटी यायची नाही, मग दिवस आपलाच! चपला हातात घेऊन मित्राचं वावर गाठायचं आणि तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या. ओल्या थंडीत त्या गरम शेंगांना जी चव येते, ती कोरड्या दिवशी येत नाही.

हा पाऊस का येतो तेही सांगतो. बंगालच्या उपसागरावरचे दमट वारे आणि उत्तरेकडचे थंड, कोरडे वारे विदर्भावर भिडले की सरी येतात, कधी गारपीटही होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी गहू-हरभरा झोपवला होता. त्यामुळे आभाळ भरून आलं की आम्ही पोरं आधी फुटलेला कापूस वेचायला धावायचो, शेंगा त्यानंतर.