गच्चीवरच्या पत्र्याला आतून घाम येतो

कळव्याला टॉप फ्लोअर, गच्चीवर पत्र्याची शेड. थंडीत पहाटे आतून थेंब टपकतात, गादी पार ओली झाली. गळती नाहीये, पाऊस कुठेय आता? थर्माकोल लावू का?

>> थर्माकोल नको दादा, फटींतून दमट हवा वर जातेच. रात्री मोकळ्या आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही गार पडतो आणि खालची दमट हवा त्याला लागली की पाणी सुटतं, फ्रीजमधल्या बाटलीसारखं. फॉइलवाला एक्सएलपीई फोम (प्लास्टिकचा, बंद छिद्रांचा) पत्र्याला खालून घट्ट चिकटवा, मधे पोकळी नको, जॉइंट टेपने बंद.

>> ऐरोलीत आम्ही १० एमएमचा लावलाय, टपकणं थांबलं. आधी पत्रा कोरडा पुसा, नाहीतर गोंद धरत नाही. शेडमधे कपडे वाळत घालता का?

हो, रोज रात्री.

>> मग ते आधी बंद करा, आणि दमट हवा बाहेर जायला वर समोरासमोर जाळ्या ठेवा.