वेळ असून कामाला हात का लागत नाही?

प्रश्न: रिपोर्ट लिहायचाय, लॅपटॉप उघडते, फाइलला नाव देते आणि मग मेल बघ, टेबल आवर यातच संध्याकाळ होते. हा आळस म्हणायचा का?

उत्तर: नाही हो, आळस असता तर एवढी टोचणी लागली नसती. सिरॉइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलंय, आपण काम नाही, त्या कामाची भीती किंवा कंटाळा टाळतो, टाळलं की लगेच बरं वाटतं आणि मग तीच सवय लागते.

दुसरं उत्तर: अगदी बरोबर. "उद्या करेन" नको, "जेवण झालं की याच खुर्चीत पहिला परिच्छेद" असं कधी-कुठे पक्कं ठरवा, मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांचा १९९९ चा लेख यावरच आहे.

प्रश्नकर्ती: पण पहिला परिच्छेद भिकार झाला तर?

उत्तर: होऊ दे ना! आज फक्त लिहा, सुधारायचं उद्या बघा.