जेवणाऐवजीचे शेक सोडताना आधी दुपारचं जेवण सुरू करा
तुम्ही लिहिलंय की वजन कमी करायला ८ आठवडे तिन्ही वेळा जेवणाऐवजी पावडरचे शेकच घेतलेत आणि आता वजन परत वाढेल म्हणून जेवायची भीती वाटते. ती भीती मला ठाऊक आहे. सगळे शेक एकदम बंद करू नका, पहिला आठवडा फक्त दुपारचा बदला.

मी मुगाच्या डाळीच्या पातळ खिचडीने सुरुवात केली. डाळ तांदळाच्या दुप्पट, त्यात दुधी किंवा पालक, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक. खरी गोम फोडणीत आहे. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे चहाच्या चमचाभर तेलात चाळीसेक. बाटलीतून सरळ कढईत ओतलं की तीन चमचे सहज जातात. मोजूनच घाला.

पुढे रात्रीसाठी मुगाचं धिरडं, नाहीतर भरपूर कांदा-टोमॅटो घालून दोन अंड्यांची भुर्जी (अंड्यांतून १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात) आणि एक फुलका. मोड आलेली मटकी पहिल्याच दिवशी नको, पोट फुगतं. सुरुवातीला काटा किलोभर वर गेला तर घाबरू नका, ते बरंचसं पाणी असतं. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलाच.